अकरा डोळ्यांची खोळ

काशिनाथ जाधव यांना ज्या चिलखती गाड्यांची मापं तोंडपाठ होती, त्यांतली एकही गाडी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. त्या गाड्या पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या लष्कराच्या होत्या. देशाचं नाव मी लिहीत नाही. माल कुणाचा आहे हे बाहेर बोलायचं नाही, अशी अट काम देणाऱ्या मुंबईच्या शेठने घातली होती. शेठ वारल्यानंतरही काशीदादांनी ती पाळली. आता दादा नाहीत, म्हणून ती मोडायचा अधिकार मला मिळाला असं मला वाटत नाही.

भिवंडीच्या कामतघरला त्यांची पत्र्याची शेड होती. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने, त्यामुळे शेडमध्ये बोलायचं तर तोंड कानाजवळ न्यावं लागे. दादा मात्र कधी आवाज चढवत नसत. समोरचा माणूस जवळ येईपर्यंत ते थांबत आणि मग नेहमीच्या आवाजात बोलत. त्यांचा धंदा ताडपत्रीचा. कल्याण रस्त्यावरच्या ट्रकांना लागणाऱ्या ताडपत्र्या शिवायच्या, फाटलेल्या सांधायच्या, कडांना पितळी डोळे ठोकायचे. डोळा म्हणजे दोरी ओवायचं कडं असलेलं भोक. हाताखाली पाचसहा माणसं. त्यांतली दोन मला आज नीट आठवतात. एक कोन गावची पार्वतीबाई, जिची जमीन गोदामवाल्याकडे गेली होती आणि जीभ तिच्याकडेच राहिली होती. दुसरे उस्मानभाई, आझमगढकडचे. जाड कापडावरचं जड मशीन त्यांच्याइतकं सरळ कुणी चालवत नसे.

मी शेडच्या मागच्या चाळीत राहायचो आणि नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे ट्रेस करायचो. शहाऐंशी साली दादा एक गुंडाळी घेऊन माझ्या दारात आले. 'जय भीम' म्हणून झाल्यावर म्हणाले, "ट्रेसरसाहेब, यातलं काय बाजू आणि काय डोकं, तेवढं सांगा." ते इंग्रजी नकाशे होते. लष्कराच्या गाड्यांना आणि तोफांना घालायच्या कॅनव्हासच्या खोळी शिवायच्या होत्या. तिकडे अर्धं वर्ष पाऊस आणि उरलेल्या वर्षात वाळवंटाकडून येणारी धूळ. उघड्यावर उभी असलेली गाडी दोन्हींनी खराब होते.

मी इंचांचे सेंटिमीटर केले आणि बाजू, माथा, मागचा भाग वेगवेगळ्या कागदांवर उतरवून दिला. एक चार चाकांची टेहळणीची गाडी होती, फेरेट. साडेबारा फुटांच्या आतबाहेर लांब, सव्वासहा फूट रुंद, वर मशीनगन. दुसरी सॅलॅडिन, सहा चाकांची, सोळा फूट, आणि पुढे आलेली तोफ धरली तर सतरा फुटांच्या वर. दोन्ही मूळच्या इंग्रजांच्या. शिवाय उघड्या लँडरोव्हर, त्यांतल्या काहींवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ, आणि पायदळाच्या उखळी तोफा. दादांनी ही नावं एकदा ऐकली आणि बाजूला ठेवली. सॅलॅडिन त्यांच्यासाठी 'थोरली' झाली आणि फेरेट 'धाकटी'. पुढे सगळी शेड तसंच म्हणू लागली. पार्वतीबाई सकाळी आल्या आल्या विचारायची, "आज कोनाला झबलं शिवायचा हाय? थोरलीला का धाकटीला?"

नकाशावरून कापड कापायला दादा तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, कागदावर गाडीला कोपरे दिसतात, पण कोपरा किती धारदार आहे ते दिसत नाही. कापड फाटतं ते मापात चुकल्यामुळे कमी आणि अशा एखाद्या हुकाला किंवा आरशाच्या दांड्याला घासून जास्त. म्हणून त्यांनी शेडपुढच्या मोकळ्या जागेत वाशांचा आणि बांबूचा सांगाडा उभा केला. पूर्ण मापाची थोरली. चाकांच्या जागी ट्रकचे जुने टायर, तोफेच्या जागी नळकामाचा लोखंडी पाइप. जिथे जिथे नकाशात हूक किंवा धुराच्या नळकांड्या होत्या, तिथे त्यांनी लाकडात खिळे ठोकले आणि मुद्दाम धार ठेवली. मग खोळ चढवायची, चार माणसांनी हिसके द्यायचे, कुठे घासते ते पाहायचं आणि तिथे आतून चामड्याचा तुकडा लावायचा.

भिवंडीत चौऱ्याऐंशीच्या दंगलीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली तोफेची गाडी, मग ती बांबूची का असेना, लोकांना दिसली. तिसऱ्या दिवशी एक हवालदार आणि दोन शिपाई आले. हवालदार खोळीभोवती फिरला, पाइपाच्या तोंडातून आत डोकावला. दादांनी त्याला कागदपत्रं दाखवली. तो ती न वाचताच म्हणाला की सगळं ठीक असेल, पण याचं तोंड निजामपुऱ्याच्या वस्तीच्या बाजूला आहे, लोक काय म्हणतील? दादा म्हणाले, बरोबर आहे. तोंड फिरवायचं तर कुठे, यावर बराच वेळ गेला. एका बाजूला हिंदूंची वस्ती, एका बाजूला मुसलमानांची, तिसरीकडे शाळा. शेवटी पार्वतीबाईने विचारलं, "वर कोन राहतं का?" तेव्हा शिपाईसुद्धा हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी पाइप काढला आणि सांगाड्याखाली आडवा ठेवला. माप घ्यायच्या वेळी लावायचा, नंतर लगेच काढायचा, असा त्यांनी नियम केला. मला वाटतं, आपण काय शिवतो आहोत हा विचार त्यांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

तो विचार पक्का झाला विहारात. दादा दर रविवारी जात, पुढच्या रांगेत बसत. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि घरात पंचशील हे रोजच्या दात घासण्यासारखं झालं होतं. पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, भंतेजींनी अष्टांगिक मार्गावर प्रवचन घेतलं आणि सम्यक आजीविकेपाशी आले. उपासकाने कुठले पाच व्यापार करू नयेत, ते त्यांनी सांगितलं. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यांचं बोलणं सगळ्यांसाठी होतं. भंतेजींना दादांच्या कामाची कल्पनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेड उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली, पण दादांनी थोरलीच्या कापडाला हात लावला नाही आणि लावू दिला नाही. माणसं ट्रकच्या जुन्या ताडपत्र्या सांधत बसली. त्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर भंतेजींकडे गेलो. दादांनी प्रश्न फार सरळ मांडला. "मी बंदूक बनवत न्हाय, विकत न्हाय. तिच्यावर कापड घालतो. मी त्या व्यापारात मोडतो का?"

भंतेजी तरुण होते, विदर्भातले. ते घाईने उत्तर देणारे नव्हते. त्यांनी विचारलं, खोळ घातलेली तोफ जास्त दिवस टिकते का? दादा म्हणाले, टिकते, त्यासाठीच घालतात. भंतेजींनी विचारलं, खोळ घातलेली असताना ती चालवता येते का? दादा म्हणाले, नाही. मग भंतेजी म्हणाले की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि यातली जड कुठली ते मला ठरवता येत नाही. तुम्ही शिवताना काय इच्छा धरता ते पाहा. दादांना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. येताना वाटेत म्हणाले, "इच्छा माझी. उसवणारा हात दुसऱ्याचा."

त्यानंतर चार दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. मी तयार झालेली पहिली तोफेची खोळ पाहायला गेलो. गाडीची खोळ वेगळी आणि तोफेच्या नळीची वेगळी, पिशवीसारखी, असं ते काम होतं. नकाशात नळीच्या खोळीला चार जागी बंद दाखवले होते. मी मोजले. अकरा जोड्या डोळे होते. बुटाच्या नाड्यांसारखी मेण लावलेली दोरी त्यांतून उलटसुलट ओवलेली आणि प्रत्येक जोडीवर एक स्वतंत्र गाठ. गाडीच्या खोळीलाही तसंच, खालून सगळीकडे दाट. मी म्हटलं, दादा, नकाशात चार आहेत. ते म्हणाले, पाणी शिरतं. मी म्हटलं, चारांत शिरत असेल तर सहा करा, अकरा कशाला? ते दाभणाला मेण लावत राहिले. मला आकडा जुळला नाही की चैन पडत नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी विषय सोडला.

पहिला माल तसाच गेला नाही. नमुना पास करायला त्या लष्कराचे एक मेजर मुंबईला आले होते. शेठ त्यांना घेऊन गाडीने भिवंडीला आले. इंग्रजी समजावून सांगायला दादांनी मला बोलावून ठेवलं होतं. आमच्या लोकांनी लष्करी अधिकारी म्हणजे कोण येईल याची जी कल्पना केली होती, तिच्यात ते बसले नाहीत. बुटके, चष्मा लावणारे, बोलण्याआधी घसा साफ करणारे. बायका चपला बाहेर काढतात हे पाहून त्यांनीही बूट काढले आणि मोज्यांवर शेडमध्ये आले. जेवायची वेळ होती. पार्वतीबाईच्या डब्यात सुकट होती. तिचा वास आला तसे मेजर थांबले आणि हे काय आहे, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं, वाळवलेली बारीक मासळी. ते म्हणाले, माझी आई घरी मासे धुरावर सुकवते. पार्वतीबाईला हे सांगितल्यावर तिने अर्धी भाकरी आणि सुकट सरळ त्यांच्या हातावर ठेवली. शेठ नको नको म्हणेपर्यंत मेजरांनी खायला सुरुवात केली होती. "आपलाच मानूस हाय," पार्वतीबाई म्हणाली. "खारीत राहनारा." खार म्हणजे खाडीकाठची खारी जमीन.

मग ते सांगाड्याकडे वळले. बांबूची थोरली पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. चामड्याचे तुकडे त्यांनी बोटाने चाचपले आणि दरवेळी मान हलवली. अमुक ठिकाणी आमचं कापड हमखास फाटतं, ते याला न बघता कसं कळलं, असं ते म्हणाले. शेठ खुलले. पुढे मेजरांनी एका माणसाला खोळ उतरवायला सांगितलं. उस्मानभाई पुढे झाले. ते गाठी सोडू लागले, आणि सोडतच राहिले. मेजरांनी घड्याळ पाहिलं नाही. ते नुसते बघत होते. नळीच्या खोळीपाशी त्यांनी उस्मानभाईंना थांबवलं, स्वतः डोळे मोजले, आणि मला म्हणाले की या गृहस्थांना विचारा, हे अकरा का?

मी वळलो. पाणी शिरतं, हे उत्तर भाषांतर करून द्यायला मी तयार होतो. पण दादा म्हणाले, "त्यांना खरं सांगा. तोफ उघडायची म्हणजे कुनाच्या तरी डोक्यात राग आसंल, न्हाय तर भीती. त्या हाताला अकरा गाठी सोडाव्या लागतील. एखाद्या गाठीला तरी तो इचार करील."

मी जसंच्या तसं सांगितलं. शेठच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मेजर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि मला सांगितलं की हळूहळू बोलतो, एकेक वाक्य यांना सांगत जा.

त्यांच्या छावणीत एकदा आग लागली होती. लढाई नाही, बंड नाही. इंधनाच्या कोठीला आग लागली आणि शेजारी गाड्या उभ्या होत्या, खोळी घातलेल्या. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ओली दोरी फुगते. गाठी सुटेनात. त्यांच्या तुकडीतला एक ड्रायव्हर खोळीची एक कड वर करून तिच्याखालून आत शिरला. बाहेरचे गाठी सोडतील तोवर आपण इंजिन चालू करून ठेवू, गाडी वाचेल, असा त्याचा हिशेब. बाहेरच्यांकडून गाठी सुटल्या नाहीत. समोरच्या फटीवर कापड, त्याला काही दिसत नव्हतं, आणि धूर खोळीखाली कोंडला. तो बाहेर आला नाही. मेजर म्हणाले, "तो रागात नव्हता. तो घाईत होता."

दादांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"इमॅन्युएल."

दादांनी ते नाव स्वतःशी म्हणून पाहिलं. मग ते सांगाड्यापाशी गेले, उरलेल्या गाठींपैकी एक पाण्याच्या बादलीत बुडवली, थोडा वेळ थांबले आणि सोडायला लागले. त्यांची नखं मजबूत होती. गाठ सुटली, पण त्यांच्याही हातून लवकर सुटली नाही. ते म्हणाले, "साहेबांना सांगा, उद्या सकाळी या."

रात्रीचं मला माहीत नाही. सकाळी मी कामावर रजा टाकून गेलो तेव्हा गाडीची खोळ बदललेली होती. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवतात ती शिवण सगळ्यांनी पाहिली असेल. नेमका धागा धरून ओढला की सरसर करत पूर्ण तोंड उघडतं. दादांनी खोळीची कड तशी केली होती. दोरीचे फासे एकात एक अडकवत नेलेले, आणि शेवटचा फासा एका लाकडी खुंटीवर. त्यांनी खोळीवर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मेजरांना म्हणाले, ओढा. मेजरांनी खुंटी काढून दोरी ओढली. सगळी खोळ एकदम जमिनीवर आली. आत ड्रायव्हर बसेल त्या जागेसमोर दादांनी कापडात जाळीची एक खिडकी शिवली होती. ती नकाशात नव्हती. मेजर तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पण नळीची खोळ होती तशीच होती. अकरा जोड्या, अकरा गाठी.

मेजर म्हणाले, हीसुद्धा तशीच करा, नाहीतर निदान नकाशाप्रमाणे चार बंद ठेवा. दादांनी मान हलवली. "गाडीत मानूस आसतो, म्हणून ती सोडली. नळीत कोन बसतो?"

मेजर शांतपणे म्हणाले, "नळीच्या पुढे कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही. कदाचित माझ्या ड्रायव्हरवर गोळ्या झाडणारा असेल."

मी भाषांतर केलं. दादांनी नळीच्या खोळीवरची शेवटची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाले, "आसंल. त्ये मला म्हाईत न्हाय, साहेब. पर माझ्या हातून अकराच होतील. न्हाय तर दुसऱ्याला द्या."

दुसऱ्याला दिलं गेलं. मेजरांनी गाड्यांच्या खोळी आनंदाने पास केल्या, दादांचा हात दोन्ही हातांत धरून निरोप घेतला. पण नळ्यांच्या, मशीनगनच्या आणि उखळी तोफांच्या खोळींचं काम शेठने मुंबईत दुसरीकडे दिलं. कामातला मोठा वाटा तोच होता, कारण गाड्या कमी आणि हत्यारं जास्त. पुढच्या वर्षी शेठ रायफलींचे पट्टे आणि काडतुसांच्या पिशव्यांचं काम घेऊन आले. दादांनी ते उघडूनही पाहिलं नाही.

त्याची किंमत इतरांनीही दिली, हे लिहायला हवं. गाड्यांच्या खोळी संपल्यावर शेडमध्ये तीन माणसांपुरतंच काम उरलं. ज्यांना जावं लागलं त्यांत पार्वतीबाई होती. ती गुपचूप जाणारी नव्हती. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "दादा, धरम तुमचा, मंग चूल आमची का इझवता?" ती पुढे म्हणाली, "तो साहेब माझे हातची भाकर खाऊन गेला. त्याला समाजलं. तुमाला नाय समाजलं." तिने डबा उचलला आणि गेली. उस्मानभाई राहिले, पण त्यांनीही एकदा मशीन पुसता पुसता म्हटलं, "दादा, तोप का मुँह तो किसी और ने ढाँक दिया होगा. तोप अपनी जगह है, हमारा काम गया." दादा म्हणाले, "सही है, उस्मानभाई." वाद त्यांनी कुणाशीच घातला नाही. आपण बरोबर आहोत असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मला जे सांगायचं आहे ते हेच. त्यांनी निर्णय घेतला होता, पण त्याचं समाधान त्यांना मिळालेलं नव्हतं.

एक बदल मात्र कायमचा झाला. ट्रकच्या ताडपत्रीची दोरीही ते पोत्याच्या शिवणीसारखी बांधायला शिकवू लागले. ड्रायव्हर लोकांना आधी ते बायकी वाटलं. दादा नवीन ताडपत्री द्यायच्या आधी प्रत्येकाला ती स्वतः ओढून पाहायला लावत. कुणी कशाला म्हणून विचारलं तर म्हणत, "गाडीला आग लागली तर." याहून जास्त कधी सांगत नसत. कोन गावच्या नाक्यावर मी एकदा दोन सरदारजींना तसे फासे घालताना पाहिलं. त्यांना ते कुणी शिकवलं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नव्वद साली लायबेरियातली यादवी भडकली आणि शेजारच्या काही देशांनी मिळून तिथे फौजा पाठवल्या. त्यांत आमच्या खोळी नेणाऱ्या देशाची फौजही होती. माझ्याकडे टीव्ही होता. दादा संध्याकाळी बातम्यांना येऊन बसू लागले. आपल्याकडच्या बातम्यांत लायबेरिया कितीसा दाखवणार? पंधरा दिवसांत एखादं चित्र, तेही डोळा लवेपर्यंत. तरी ते यायचे आणि खुर्ची नको म्हणून जमिनीवर बसायचे. एका संध्याकाळी एक सहा चाकांची गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेली. मागच्या बाजूला कसलीतरी गुंडाळी बांधलेली. तोफ उघडी. दादा गुडघ्यांवर पुढे सरकले. गाडी गेली, मग बाजूला बसलेल्या बाया आणि पोरं दाखवली, मग क्रिकेट सुरू झालं.

त्यांनी विचारलं, "कापड आपलंच आसंल का?"

मी म्हटलं, "सांगता येणार नाही, दादा. रंगसुद्धा नीट दिसला नाही."

"गाडी थोरलीच व्हती."

"हो. थोरलीच."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ज्या बाया दाखवल्या, त्यांना वाचवायला गेली का त्यांच्यावर गेली, त्ये काय बोलला न्हाय तो." बातमीत ते खरंच सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटलं. ते उठले. त्यानंतर बातम्यांना आले नाहीत.

मी त्र्याण्णव साली कल्याणला राहायला गेलो. भेटी कमी झाल्या. प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या आल्या आणि कॅनव्हासचं काम बसलं. उस्मानभाई गावी परत गेले. शेडच्या जागेवर कुणीतरी गोदाम बांधलं. दादांना मुलाने आपल्याकडे नेलं, तरी ते रविवारी कामतघरच्या विहारात यायचेच, असं कळलं.

सत्त्याण्णवच्या बुद्धपौर्णिमेला मी मुद्दाम गेलो. विहारासमोर मंडप घातला होता, आत वंदना चालू होती. पुढच्या रांगेत मला दादा दिसले नाहीत. शेजारच्या माणसाला विचारलं तर त्याने मागे बोट केलं. दादा दाराबाहेर, जिथे लोक चपला काढतात तिथे, पायरीवर बसले होते. त्या माणसाने सांगितलं की गेली कित्येक वर्षं ते तिथेच बसतात. मी जवळ जाऊन बसलो. ते फार वाळले होते, पण पंचशील मोठ्याने म्हणत होते, एक शब्द न गाळता. वंदना संपल्यावर नवे भंतेजी दारापर्यंत आले. हे आधीचे नव्हते. ते म्हणाले, "बाबा, ऊन लागतंय. आत या."

दादा हात जोडून म्हणाले, "मला एक इचारायचं व्हतं, त्याचा उलगडा झाला की येतो." भंतेजींनी काय विचारायचं म्हणून विचारलं. दादा नुसते हसले. इतक्या वर्षांत त्यांनी तो शस्त्रांच्या व्यापाराचा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग मंडपात जेवणं बसली. खीर वाढत होते. मेच्या शेवटी दुपारी येतो तसा वारा उठला, रस्त्यावरची धूळ आणि मागांवरचा सुताचा कचरा उडाला, आणि मंडपाच्या एका कोपऱ्याची दोरी सुटली. वरचं कापड फडफड करत उलटलं. बाया पोरांना ओढून घेऊ लागल्या, पत्रावळी उडाल्या. तरुण पोरं पळत येईपर्यंत दादा तिथे पोचले होते. त्यांनी सुटलेली दोरी धरली, मनगटाला एक वेढा घेतला, आणि सगळं वजन टाकून मागे झुकले. कापड खाली आलं. पोरं म्हणाली, बाबा, सोडा, आम्ही बांधतो. ते म्हणाले, खांब हालतोय, आधी तो ठोका.

वारा बराच वेळ चालला, आणि खांब ठोकून झाला तरी दादांनी दोरी सोडली नाही. मंडपातली पंगत परत बसली. कुणीतरी ओळीतून हाक मारून विचारलं की म्हातारबाबा जेवले का, आणि त्यांना आत बोलवा. मी मंडपाच्या कडेला उभा होतो. दादांनी ते ऐकलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ते मंडपाच्या बाहेर होते, उन्हाधुळीत, डोळे मिटून, दोरी दोन्ही हातांनी धरून. आत लोक जेवत होते.

पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही.